झायिक अजून वाहतेय

आधी माझं नाव नीट घ्या, मग पुढचं ऐका. मी झायिक. नकाशात, शाळेच्या पुस्तकात, पुलावरच्या पाटीवर तुम्हाला ‘उराल’ असं लिहिलेलं दिसेल. लिहू दे. पाटी वाचून कुठली नदी वाहते?

माझा जन्म उत्तरेच्या डोंगरात, बाश्किरांच्या मुलखात झाला. तिथे मी इतकी बारीक आहे की कोकरूसुद्धा उडी न मारता मला ओलांडून जातं. डोंगर उतरून खाली आले आणि समोर जे पसरलेलं दिसलं, ते पाहून दुसरी एखादी माघारीच वळली असती. ना झाड, ना टेकाड. नुसतं गवत आणि त्याला टेकलेलं आभाळ. उन्हाळ्यात तापून भेगाळणारा आणि हिवाळ्यात दगडासारखा गोठणारा माळ. मी त्यात घुसले. दोन्ही काठांना चिनार आणि वाळुंज उगवून घेतले, वेतांची बेटं वाढवली, लोंबत्या नाकांच्या साइगा हरणांना पाणी पाजलं, आणि वळणं घेत घेत थेट कास्पियन समुद्र गाठला. वाटेत कुणी मला ‘ये’ म्हटलं नव्हतं.

शहाणे लोक सांगतात की माझा एक काठ आशियात आणि दुसरा युरोपात. मला विचारून ठरवलेलं नाही हे. पाणी उतरलं की माझ्या काठच्या कुनसुलू नावाच्या बाईची सांडणी सकाळी आशियात चरते आणि दुपारी युरोपात जाऊन रवंथ करते. तिला अजून तरी काही फरक जाणवलेला नाही.

नावाचं मात्र सांगते, कारण ते मला झोंबतं. अडीचशे वर्षांपूर्वी माझ्या काठच्या कोसॅक या लढवय्या रशियन लोकांनी बंड केलं. कझाक, बाश्किर, सगळे त्यात सामील झाले. बंड मोडलं गेलं. तेव्हा दूर राजधानीत बसलेल्या सम्राज्ञीनं फर्मान काढलं की या नदीचं नावच पुसून टाका, म्हणजे बंडाची आठवणही पुसली जाईल. माणसाला फासावर देता येतं. नदीला काय करणार? म्हणून तिच्या नावाला फासावर दिलं.

पण माझ्या काठची माणसं काही कमी हट्टी नाहीत. त्यातल्या सगळ्यात हट्टी बाईची गोष्ट मी सांगणार आहे.

कुनसुलू माझ्या डाव्या काठावरच्या कोक्तेरेक गावात जन्मली. मातीची, चुना दिलेली घरं, छपरांवर माझ्याच काठचे वेत, आणि गावामागे संपतच नाही असा माळ. ती शाळेत जायला लागली तेव्हा मॉस्कोचं राज्य होतं. एकदा बाईंनी भिंतीवरच्या नकाशावर काठी टेकवली.

“कुनसुलू, ही कोणती नदी?”

“झायिक.”

“उराल म्हणायचं.”

“बाई, ती नकाशातली असेल. आमच्या घरामागे झायिक आहे.”

वर्ग खिदळला. बाईंनी तिला बाहेर उभं केलं. बाई मनाच्या वाईट नव्हत्या. घरी त्याही मला झायिकच म्हणायच्या. पण शाळेत तपासायला साहेब येत. शाळेचं दार माझ्याकडेच उघडायचं. कुनसुलूनं तिथं उभ्या उभ्या माझ्यात खडे मारले आणि प्रत्येक खड्याला माझं नाव घेतलं, आत वर्गाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मला त्या दिवशी पूर आल्यासारखं वाटलं.

पुढे तिचं लग्न गावातल्याच कोळ्याच्या घरात झालं. या मुलखात एक रीत आहे, तुम्हालाही ती परकी वाटायची नाही. घरात आलेल्या सुनेनं सासरच्या माणसांची नावं घ्यायची नाहीत. धाकट्या दिराचंसुद्धा नाही. तिनं त्यांना आपल्याकडून नवी, मानाची नावं द्यायची आणि जन्मभर त्याच नावांनी हाक मारायची. कुनसुलूचा दीर येर्गाझी तेव्हा नाक वाहणारं, चड्डी घसरणारं पोर होतं. ही त्याला म्हणायची, “धाकटे मिर्झा, नाक पुसा.” सगळं गाव पोट धरून हसायचं. पण तिनं रीत मोडली नाही. पोर मोठं झालं, त्याला मिशा आल्या, त्याची स्वतःची होडी झाली, तरी तो तिच्यासाठी धाकटे मिर्झाच राहिला.

ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. वसंतात बर्फ फुटला की समुद्रातून कोर्तपा वर चढायच्या. कोर्तपा म्हणजे माझ्या पाण्यातली सगळ्यात मोठी मासळी. होडीपेक्षा लांब, पाठीवर हाडांच्या कंगोऱ्यांची रांग, माणसाहून जास्त जगणारी. वरच्या अंगाला माझ्या तळाशी खडीचे पट्टे आहेत, तिथे अंडी घालायला त्या यायच्या. त्या उसळल्या की घरातली भांडी किणकिणायची.

मग त्यांच्या पोटातल्या काळ्या अंड्यांची किंमत जगाला कळली. मॉस्कोचं राज्य बुडालं, पगार बंद झाले, आणि ज्याच्या हाती जाळं त्यानं ते माझ्यात टाकलं. एकेका वळणावर आडव्या दोऱ्या, दोऱ्यांना धारदार गळ. मी किती वेळा लाल झाले ते विचारू नका. पुढे बंदी आली. कोर्तपा धरणं गुन्हा ठरला. पण तोवर धरायला फारशा उरल्याच नव्हत्या. वर डोंगराकडे धरणांमध्ये माझं पाणी अडवलं जातं, खाली बर्फ कमी पडतो, आणि समुद्र स्वतःच मागे सरकत चाललाय. लोक म्हणायला लागले, झायिक मेली.

कुनसुलूचा नवरा छातीच्या दुखण्यानं गेला. मुलगी लग्न होऊन दूर गेली. घरात राहिल्या दोघी: ती आणि तिची म्हातारी सासू उल्मेकेन. कुनसुलूनं सांडण्या पाळल्या. त्यांच्या दुधाचं आंबट शुबात करून विकायची. येर्गाझी शेजारच्याच घरात बायकोपोरांसह राहायचा. मासे कमी झाल्यापासून त्याची होडी काठावर पालथी पडलेली असे. तो तिच्यावर बसून विड्या ओढायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, जसा माणूस दिवाळखोर सावकाराकडे बघतो.

त्या वर्षी वसंतात माझं पाणी जेमतेम चढलं. गावामागे माझं एक जुनं वळण आहे; मी वाट बदलली तेव्हापासून ते बाजूला पडलंय. चढत्या पाण्यात एक कोर्तपा चुकून त्यात शिरली. पोटात अंडी भरलेली होती. आणि तेवढ्यात पाणी उतरलं. माझ्या आणि तिच्या मध्ये वाळूचा पट्टा उघडा पडला. इकडे मी, तिकडे ती, मध्ये कोरडी वाळू. मला हात नाहीत. पाणी खालीच जातं, वर चढून कुणाला आणू शकत नाही. ती डबक्यात गरगर फिरत होती आणि मी पलीकडून तिचे हिसके वाळूतून ऐकत होते.

तिला पहिल्यांदा येर्गाझीनं पाहिलं. जातीचा कोळी तो. त्यानं अजिबात आरडाओरडा केला नाही. डबक्यात उतरला, तिच्या तोंडातून घालून कल्ल्यातून दोर काढला आणि दुसरं टोक काठावरच्या चिनाराला बांधलं. शहरात फोन लावला. गिऱ्हाईक म्हणालं, उद्या येतो, जिवंत ठेव.

संध्याकाळी तो वहिनीकडे चहाला आला. चेहरा उजळलेला. चुलीजवळ बाउर्साकचा, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, ढीग होता, त्यातला एक तोंडात टाकून म्हणाला, “वहिनी, सुटलो आपण.”

“कशातून सुटलो, धाकटे मिर्झा?”

त्यानं सगळं सांगितलं. शहरात घर घेणार. नळाला पाणी असलेलं. पोरांना चांगली शाळा. आईला दवाखाना जवळ. “तुम्हीही चला. तुम्हाला मागे सोडून जाणार नाही मी. दादाला काय तोंड दाखवू?”

कुनसुलूनं त्याच्या कपात चहा ओतला. अर्धाच ओतला. या मुलखात पाहुण्याचा कप अर्धा भरणं म्हणजे ‘अजून बसा, पुन्हा ओतते’ असं सांगणं. पण तिचा चेहरा तसं काही सांगत नव्हता.

“तिला सोडा,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“कुणाला काय? मासळीला.”

येर्गाझी हसला. मग ती हसत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं. “वहिनी, नदी मेली. मेलेल्या नदीपाशी किती दिवस बसायचं?”

“मेली म्हणता? मग ही कोर्तपा कुठून आली? आभाळातून पडली?”

“शेवटची असेल.”

“शेवटची असेल तर मुळीच नाही.”

“तुम्हाला काय, तुमच्या सांडण्या दूध देतात,” तो कप खाली ठेवत म्हणाला. “मी पोरांना काय घालू? नदीचं नाव?”

हे बोलणं त्याचं चुकीचं नव्हतं, ते मी मान्य करते. येर्गाझी वाईट माणूस नाही. ज्या पाण्यानं त्याला पोसलं त्यानंच हात आखडता घेतला, म्हणून तो माझ्यावर रुसला होता. घरच्या माणसावर रुसतात तसा. कुनसुलूलाही ते कळत होतं. म्हणून ती त्याच्याशी भांडली नाही. तो गेल्यावर तिनं कप धुतले आणि सासूला पांघरूण घातलं. पण पडल्या पडल्या तिचे डोळे उघडेच होते.

सकाळी ती अगाफ्याकडे गेली. अगाफ्या त्या जुन्या बंडखोर कोसॅकांच्या वंशातली, गावात उरलेली शेवटची. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी, आणि दोघींचं भांडण झाल्याशिवाय दिवस उगवत नाही.

“मत्स्य-निरीक्षकाला फोन लाव,” अगाफ्या म्हणाली. “येतील, मासळी सोडवतील.”

“आणि दिराला बेड्या घालून नेतील. घरचं भांडण सरकारदरबारी नेऊ होय?”

“मग काय करणार? पाठीवर घेऊन जाणार तिला?”

“हो.”

अगाफ्यानं तिच्याकडे नीट बघितलं. “तुझं डोकं फिरलंय.”

“तुझं कधी जागेवर होतं? फावडं घे आणि चल. येताना चार बायकांना हाक मार. पुरुषांना नको, ते आधी चर्चा करतील.”

“माझ्या याइकसाठी येते, तुझ्यासाठी नाही,” अगाफ्या पुटपुटली आणि फावडं शोधायला लागली. याइक हे कोसॅकांच्या तोंडचं माझं जुनं नाव. तेही फर्मानानं मेलं नाही.

कुनसुलू घरी आली ती ताडपत्री शोधायला. एवढी मोठी मासळी वाळूवरून ओढत न्यायची तर खाली काहीतरी ओलं, जाड आणि मऊ हवं. नाहीतर तिचं पोट सोलून निघालं असतं. ताडपत्री सापडली, पण उन्हानं कुजलेली. हातात घेतली की फाटत होती. सासू पलंगावरून सगळं बघत होती.

“काय शोधतेस गं?”

कुनसुलूनं सांगितलं. म्हातारीला कालचं सगळं ऐकू गेलेलं होतंच. कान तिचे अजून शाबूत होते. न ऐकल्याचं सोंग मात्र ती फार छान करायची.

“पेटी उघड,” उल्मेकेन म्हणाली. “माझं नमदं काढ.”

कुनसुलू जागच्या जागी थिजली. ते पांढऱ्या लोकरीचं मोठं नमदं, कडेला काळ्या शिंगांची नक्षी, उल्मेकेननं आपल्या हातांनी कुटून, लाटून केलं होतं आणि कधीच जमिनीवर अंथरलं नव्हतं. या मुलखात मेलेल्या माणसाला अशाच नमद्यात गुंडाळून कबरीपर्यंत नेतात. ते तिनं स्वतःसाठी ठेवलं होतं.

“आई, ते तुम्हाला न्यायला...”

“ठाऊक आहे मला कशाला ते. आधी हिला न्या. मला अजून घाई नाही.”

बायका वाळूच्या पट्ट्यावर जमल्या तेव्हा ऊन चढत होतं. फावड्यांनी त्यांनी वाळूत उथळ चर पाडला, माझ्यापासून डबक्यापर्यंत, म्हणजे नमदं सरळ घसरेल. कुनसुलूनं आपली सगळ्यात दणकट सांडणी आणली, अक्मोयिन. नुकतीच व्यालेली होती, मागे मागे पिल्लू ओरडत आलं. बादल्यांनी चरात माझं पाणी ओतलं गेलं. पहिल्यांदाच त्या दिवशी माझा एक घोट वाळू चढून तिच्याकडे गेला.

मग कुनसुलू डबक्यात उतरली. कमरेएवढं कोमट, गढूळ पाणी. कोर्तपा तळाशी पडून होती, थकलेली. कुनसुलूनं हात लांबवून काठावरच्या चिनाराला बांधलेला दोर सोडला. कोर्तपेनं एकच शेपटी मारली आणि कुनसुलू पाण्यात आडवी झाली.

“बघ, म्हटलं नव्हतं?” काठावरून अगाफ्या ओरडली. “तुझ्यासारखीच आहे! उपकार कळत नाहीत!”

बायका हसल्या, आणि हसता हसताच तिघी आत उतरल्या. नमदं भिजवून पाण्याखाली पसरलं. मासळीला ढकलत, चुचकारत, शिव्या देत त्यावर घेण्याची खटपट सुरू झाली. ती काही येईना. कुणी शेपूट धरत होतं, कुणी कल्ल्याला हात घालत होतं.

तेवढ्यात काठावर येर्गाझी आला. कुणीतरी जाऊन सांगितलं असणार. धावत आल्यामुळे त्याला दम लागला होता. त्यानं सुटलेला दोर बघितला, चर बघितला, आणि सरळ जाऊन अक्मोयिनची वेसण धरली.

“मासळी माझी आहे. कुणी हात लावायचा नाही.”

“सोडा तिला, धाकटे मिर्झा.”

“गिऱ्हाईक निघालंय तिकडून! तुम्ही माझ्या पोरांच्या तोंडचा घास पाण्यात टाकताय. तोही या मेलेल्या...”

“येर्गाझी!”

बायकांचे हात जिथल्या तिथे थांबले. सांडणीचं पिल्लूसुद्धा ओरडायचं थांबलं, असं मला वाटलं. सून म्हणून घरात आल्यापासून कुनसुलूनं त्याचं नाव कधी, म्हणजे कधीच उच्चारलं नव्हतं. नवऱ्याच्या मातीच्या वेळी रडतानासुद्धा नाही. त्याच्या स्वतःच्या कानांना ते तिच्या तोंडून ओळखूच आलं नाही. तो वळून मागे बघू लागला, जणू त्याच नावाचा दुसराच कुणी तिथे उभा आहे.

“येर्गाझी,” ती पुन्हा म्हणाली. चिखलानं माखलेली, कमरेएवढ्या पाण्यात. आता ‘तुम्ही’ही गेलं होतं. “तुझ्या पोरांना मी उपाशी ठेवीन असं वाटतं तुला? माझ्या दोन सांडण्या आजपासून तुझ्या. घेऊन जा. शहरात जायचं तर जा, मी अडवणार नाही. पण झायिकला मेलेली म्हणून तिचं कलेवर विकायचं नाही. ती मेलेली नाही. माझ्या पायाला वर्षानुवर्षं लागणारं पाणी आहे हे, मला कळतं.”

 येर्गाझीची नजर पाण्याखालच्या पांढऱ्या नमद्यावर गेली होती. कडेची काळी शिंगं पाण्यात हलत होती.

“हे कुणी दिलं?” त्यानं हळू विचारलं.

“तुझ्या आईनं.”

“तिचं नमदं?”

“म्हणाली, आधी हिला न्या, मला अजून घाई नाही.”

येर्गाझीनं तोंड फिरवलं. खांदे एकदा हलले. तो हसला की रडला ते मला दिसलं नाही. तो माळाकडे तोंड करून उभा होता. मग डबक्यात एका बाईनं पुन्हा कल्ल्याखाली हात घातला आणि तो खेकसला, “कल्ल्याला हात लावू नका! मारायचीय का तिला?”

बूट काढायचंही भान राहिलं नाही त्याला. तसाच आत उतरला. कोर्तपेच्या तोंडाजवळ गेला, तिच्या कल्ल्यातून दोर अलगद ओढून काढला, तिचे डोळे आपल्या टोपीनं झाकले. मासळी शांत झाली. “आता पोटाखालून नमदं घ्या. सगळ्यांनी एकदम. वहिनी, तुम्ही शेपटीकडे नको, पुन्हा पडाल.”

“मी पडले नव्हते,” कुनसुलू म्हणाली. “बसले होते.”

अक्मोयिननं ओढ घेतली. नमदं चरातून घसरायला लागलं. बायका दोन्ही बाजूंनी कोर्तपेवर बादल्या रिकाम्या करत धावत होत्या, अगाफ्या सांडणीला रशियनमधून अशा शिव्या घालत होती की तिला कझाक भाषाच समजते हे बरं. मध्येच नमदं वाळूत रुतलं. येर्गाझीनं खाली खांदा लावला आणि दात-ओठ खाऊन ढकललं. मी पलीकडे वाट बघत होते. ही लांबलचक, कंगोऱ्यांची, जुनी मासळी, तिच्या पोटात पुढच्या शंभर वर्षांची माझी पोरं, आणि ती माझ्याकडे वाळूवरून उंटाच्या पाठीमागे येत होती. माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात असं मी पाहिलं नव्हतं.

आणि मग ती माझ्यात आली. क्षणभर तशीच पडून राहिली. येर्गाझीनं तिच्या डोळ्यांवरची टोपी काढली. तिनं तोंड उघडून माझं पाणी ओढलं, कल्ले फुलले, शेपटी हलली, आणि ओलं, पांढरं नमदं तेवढं रिकामं उरलं.

 बायका तिथेच वाळूवर मटकन बसल्या. अगाफ्यानं डोक्यावरचा रुमाल सोडून घाम पुसला आणि म्हणाली, “आता कुणीतरी चहा करा. मी मेले.”

दुपारी शहरातून गिऱ्हाईक आलं, मोठ्या काळ्या गाडीतून. डबकं रिकामं बघून त्यानं येर्गाझीची कॉलर धरली. “कुठे गेली?”

“पाणी आलं. घेऊन गेलं.”

“पाणी? नदी आटून गेलीय, पाणी कुठून येणार?”

“आमची नदी आहे,” येर्गाझी कॉलर सोडवत म्हणाला. “तिला वाटतं तेव्हा येते. तुम्हाला विचारून यायला हवं होतं का?”

गाडी धूळ उडवत गेली. येर्गाझी पालथ्या होडीवर जाऊन बसला. त्यानं विडी पेटवली नाही. माझ्याकडे बघत राहिला. पण आता नजर वेगळी होती.

गोड शेवट मी सांगणार नाही, कारण तो झाला नाही. पानगळीत येर्गाझी बायकोपोरांना घेऊन शहरात गेला. घर भाड्याचं. कामाला बंदरावर जातो. दोन सांडण्या त्यानं घेतल्या नाहीत. एकच घेतली, तीही वहिनीकडेच चरायला ठेवली, म्हणजे तिचं शुबात दर आठवड्याला न्यायला यावं लागतं. उल्मेकेननं जायला साफ नकार दिला. नमदं कुनसुलूनं माझ्यात सहा वेळा धुतलं, तरी त्याचा माशाचा वास गेला नाही. कुंपणावर वाळत घातलं तर गावातली सगळी कुत्री खाली येऊन बसतात. म्हातारी खिडकीतून त्यांना हाकलते आणि म्हणते, “अजून नाही रे, अजून नाही.” ती या घडीलाही जिवंत आहे.

कुनसुलू त्या दिवसानंतर पुन्हा दिराला धाकटे मिर्झाच म्हणते. त्या दिवशीचं नाव ती कधी बोलून दाखवत नाही. तोही नाही. मात्र मला ती आता उघडपणे झापते. सांडण्यांना पाण्यावर आणते आणि काठावर उभी राहून म्हणते, “काय गं, एवढंसंच पाणी? लाज नाही वाटत? काल तिकडे वाळू इतकी पुढे आली. हलव जरा अंग!” माझ्याबद्दल हळहळणारे पुष्कळ येतात, फोटो काढतात, उसासे टाकून जातात. मला तिच्या शिव्याच जास्त बऱ्या वाटतात. शिव्या जिवंत माणसालाच देतात.

आणि माझी आजची अवस्था विचाराल, तर ती अशी: मी बारीक झालेय, कबूल आहे. समुद्र माझ्यापासून दूर सरकतोय. वाळूचे पट्टे वाढलेत. पण माझ्या मधल्या आणि खालच्या सगळ्या वाटेवर आजही धरणाची एकही आडवी भिंत नाही. साइगा हरणं पुन्हा कळपांनी पाण्यावर येतात. मला फर्मानानं संपवता आलं नाही, गळांनी संपवता आलं नाही. माझ्यावर दुखवट्याची भाषणं लिहिणाऱ्यांनी जरा थांबावं.

कारण तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिलीय. त्या कोर्तपेनं वर जाऊन खडीवर अंडी घातली. उन्हाळ्याच्या एका दुपारी तिची पोरं, सुतासारखी बारीक, काचेसारखी आरपार, माझ्या प्रवाहाबरोबर कोक्तेरेक गावावरून खाली निघाली. कुनसुलू गुडघाभर पाण्यात उभी राहून घागर भरत होती आणि माझ्यावर डाफरत होती. ती पोरं तिच्या पायांच्या दोन्ही बाजूंनी फुटून गेली, पुढे पुन्हा एक झाली. तिला काही दिसलं नाही. पायाला गुदगुल्या झाल्या म्हणून तिनं फक्त पाय झटकला.

समुद्र अजून लांब होता. त्यांना घेऊन मी निघाले, आणि अजून वाहतेय. जो कुणी मध्ये उभा असेल, त्याला एवढंच सांगते: वाट सोडा.